'दांतेज पीक' वर्गात दाखवताना

ज्वालामुखीचा पाठ शिकवताना 'दांतेज पीक' या इंग्रजी चित्रपटातील तुकडे वर्गात दाखवणारे शिक्षक आता ठिकठिकाणी भेटतात. पूर्वी अशा कामाला व्हिडिओ कॅसेट आणि टीव्ही संच लागे, आज मोबाईल पुरतो. रॉजर डोनल्डसन यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९९७ च्या फेब्रुवारीत आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'व्होल्कॅनो' नावाचा आणखी एक चित्रपट आला. त्यात लॉस एंजेलिस शहराच्या मधोमध लाव्हा उफाळतो. त्याविषयी आम्ही येथे लिहीत नाही, तो करमणुकीसाठी पाहावा आणि विसरावा. 'दांतेज पीक'चे तसे नाही. त्यात शास्त्रज्ञ आहेत, त्यांची उपकरणे आहेत, गाव रिकामे करायचे की नाही यावर खडाजंगी आहे. चित्रपट तयार करताना ज्वालामुखीतज्ज्ञांचा सल्लाही घेतलेला होता. म्हणूनच त्याची तपासणी जरा नेटाने व्हायला हवी. ढोबळ चूक मुले स्वतःच पकडतात. बरोबर वाटणारी चूक मात्र डोक्यात घर करते.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील शिक्षकांना समोर ठेवून आम्ही हे लिहीत आहोत. इथे ज्वालामुखी कुठला, असे कोणी विचारील. जिवती-कोरपन्याकडे जाऊन पाहावे. तिथल्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा जन्म सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हातून झाला. दख्खनच्या त्या अफाट थराची पूर्वेकडील किनार चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम व नैर्ऋत्य भागात येऊन संपते. पश्चिमेकडच्या तालुक्यांत काळ्या जमिनीवर कापूस आणि पूर्वेकडे, वैनगंगेच्या बाजूला, धानाच्या बांध्या, ही विभागणी मुलांच्या रोजच्या पाहण्यातली असते. तिच्यामागे पाऊसपाण्याइतकाच खडकाचाही हात आहे. गंमत अशी, की हा लाव्हा पुस्तकातल्या चित्रासारख्या शंकूच्या टोकातून आला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो बाहेर येऊन पसरला. म्हणजे शंकूचे चित्र काढणारा आपला विद्यार्थी ज्या ज्वालामुखीच्या खडकावर बसलेला असतो, त्याचेच चित्र तो काढत नाही.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातील मुलुगू परिसरात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि गडचिरोली-चंद्रपुरात घरे हलली. अशा दिवशी शिक्षकाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "सर, पुढचा धक्का कधी?" त्याला प्रामाणिक उत्तर एकच: दिवस-वेळ सांगून भूकंपाचे भाकीत आज कोणालाही करता येत नाही. मग ज्वालामुखीचे कसे करता येते, हा पुढचा प्रश्न हुशार मुलाकडून यायलाच हवा. भूकंपात खडकावरचा ताण वर्षानुवर्षे साठतो आणि काही सेकंदांत मोकळा होतो. आधी खूण मिळतेच असे नाही. ज्वालामुखीत मात्र शिलारसाला वर यावे लागते. वाटेतले खडक फोडत तो येतो, म्हणून लहान लहान भूकंपांच्या झुंडी उठतात. जागा करून घेतो, म्हणून डोंगर किंचित फुगतो. वर येताना दाब कमी होतो, म्हणून त्यात विरघळलेले वायू सुटू लागतात. सोड्याच्या बाटलीचे बूच सैल केल्यावर होते तसेच. या तीनही गोष्टींना दिवस, आठवडे, कधी महिने लागतात आणि तिन्ही मोजता येतात. ज्वालामुखीवर पाळत ठेवण्याचे सारे शास्त्र या एवढ्याशा आधारावर उभे आहे.

आता चित्रपटाकडे. अमेरिकेच्या वायव्येकडील डोंगरांत दांतेज पीक हे टुमदार गाव. भूशास्त्र सर्वेक्षणाचा हॅरी डाल्टन तिथल्या डोंगराची पाहणी करायला येतो. त्याला वाळलेली झाडे आणि मेलेल्या खारी दिसतात, तळ्याचे पाणी आम्लयुक्त झालेले आढळते, गरम पाण्याच्या कुंडात दोन माणसे उकडून मेलेली सापडतात. गावाला ताबडतोब सावध करा, असे तो म्हणतो. त्याचा वरिष्ठ पॉल ड्रेफस त्याला थांबवतो. आधी मोजमाप करू, खोटा इशारा दिला तर गावाचे नुकसान होईल आणि पुढे आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याचे म्हणणे. काही दिवस उपकरणे लावून पाहिली जातात, विशेष काही सापडत नाही, पथक निघण्याच्या तयारीला लागते. तेवढ्यात नळाचे पाणी गढूळ आणि वासाचे येते. शाळेत सभा भरते आणि सभा चालू असतानाच डोंगर फुटतो. पुढचा निम्मा चित्रपट पळापळीचा.

या पळापळीतल्या शास्त्रीय चुका भराभर सांगून टाकू. तापलेल्या लाव्हावरून मोटार पार होते. खऱ्या लाव्हावर टायरांची काय अवस्था होईल ते सांगायला नको. तळ्याचे पाणी पाहता पाहता इतके जहाल आम्ल होते की धातूची होडी विरघळते. ज्या डोंगरातून राखेचा प्रचंड स्फोट होतो, त्यातूनच पाण्यासारखा वाहणारा लाव्हाही येतो. शिलारस घट्ट असला तर स्फोट, पातळ असला तर ओघ, असे आपण शिकवतो आणि ढोबळमानाने ते बरोबर आहे. चित्रपटाला दोन्ही देखावे हवे होते, म्हणून त्याने दोन्ही घेतले. शेवटी नायक मंडळी जुन्या खाणीत आश्रय घेतात. चंद्रपूरच्या मुलांना यावर हसू यावे, कारण वणी-बल्लारपूरच्या कोळसा पट्ट्यात बंद खाणीत शिरू नये हे घरोघरी माहीत असते. ज्वालामुखीजवळ तर कार्बन डायऑक्साइड झिरपत असतो. तो हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचणारा. कॅमेरूनमधील न्योस या विवरातल्या सरोवरातून २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो बाहेर पडला आणि सुमारे १,७०० माणसे झोपेतच गेली. आसऱ्यासाठी याहून वाईट जागा निवडणे कठीण होते.

पण या चुकांनी फारसे बिघडत नाही. उलट, चुका शोधा म्हटले की वर्ग रंगतो. चित्रपटात चांगलेही पुष्कळ आहे. मेलेली झाडे ही कल्पना नाही. कॅलिफोर्नियातील मॅमथ डोंगरावर १९९० च्या सुमारास मुळांशी साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे झाडे खरोखरच वाळली. विवरात उतरून अडखळणारा यंत्रमानवही खऱ्या घटनेवर बेतलेला दिसतो. १९९४ मध्ये अलास्कातील माउंट स्पर या ज्वालामुखीत 'दांते-२' नावाचा आठ पायांचा यंत्रमानव उतरवला होता. त्याने वायूंची मोजणी केली आणि परतीच्या वाटेवर तो कोलमडला. वितळलेल्या बर्फाचा आणि राखेचा चिखल नदीतून धावत येतो आणि पूल वाहून नेतो, हेही खरेच. ज्वालामुखी म्हणजे केवळ लाल लाव्हा नव्हे, हे मुलांना कळण्यासाठी तेवढे एक दृश्य दाखवले तरी चालेल. कोलंबियातील नेवादो देल रुइझ या बर्फाच्छादित ज्वालामुखीचा उद्रेक १३ नोव्हेंबर १९८५ रोजी झाला. तो तसा लहानच होता. पण अशा चिखलाखाली आर्मेरो हे गाव गाडले गेले आणि एकूण सुमारे २३,००० माणसे मेली. धोक्याचा नकाशा त्याआधी महिनाभर तयार होता.

आमची तक्रार दुसरीच आहे. या चित्रपटात हॅरी बरोबर ठरतो तो कशाच्या जोरावर? मनाला वाटले म्हणून. त्याची मैत्रीण पूर्वी कोलंबियातील उद्रेकात मेलेली असते आणि तेव्हापासून त्याला धोका 'कळतो'. पॉल आकडे मागतो, आणि आकडे मागणारा माणूस चित्रपटात चुकीचा ठरतो. मरण्यापूर्वी तो आपली चूक कबूलही करतो. उपकरणे आहेत ती शोभेला. आठवडाभर ती गप्प बसतात आणि नेमकी उशिरा बोलतात. दोन तास हे पाहिलेल्या मुलाच्या मनात काय उरते? एका ज्ञानी माणसाला आतून कळते, बाकीचे मोजत बसतात. विज्ञानाच्या शिक्षकाने पाहुण्याला घरात घेतले आणि पाहुण्याने देवघरात बुवा बसवला, असा हा प्रकार आहे.

खरे पाहता पॉलचे त्या प्रसंगीचे म्हणणे अगदी योग्य होते. ग्वादलूप बेटावर १९७६ मध्ये ला सूफ्रिएर ज्वालामुखी धुमसू लागला तेव्हा सत्तर हजारांहून अधिक लोकांना घरे सोडायला लावली. ती महिनोनमहिने बाहेर राहिली आणि मोठा उद्रेक झालाच नाही. त्यावरून फ्रान्सच्या शास्त्रज्ञांत जाहीर भांडणे झाली. १९८२ मध्ये त्याच मॅमथ परिसराबाबत धोक्याची सूचना निघाली, गावातल्या घरांच्या किमती कोसळल्या, आणि उद्रेक काही आला नाही. इशारा देणे फुकट नसते. हे न सांगता नुसते 'वेळीच इशारा द्यायला हवा होता' म्हणणे सोपे आहे.

मग पॉलच्या रीतीने, म्हणजे मोजून मापून, माणसे वाचवता येतात का? येतात, आणि त्याचे उदाहरण चित्रपटाच्या सहा वर्षे आधी घडून गेले होते. फिलिपाइन्समधील पिनातुबो डोंगर सुमारे पाचशे वर्षे शांत होता. आपल्या पुस्तकांतल्या 'जागृत, निद्रिस्त, मृत' या वर्गवारीत त्याला कुठे बसवायचे, असे १९९० साली कोणी विचारले असते तर बहुतेकांनी त्याची दखलही घेतली नसती. (ही वर्गवारी माणसाच्या स्मरणशक्तीची आहे, डोंगराच्या स्वभावाची नव्हे. अंदमानातले बॅरन बेटही दीडशे वर्षांहून अधिक काळ गप्प राहून १९९१ मध्ये पुन्हा धडधडले.) एप्रिल १९९१ च्या सुरुवातीला पिनातुबोच्या उतारावर वाफेचे स्फोट झाले. त्याची खबर कोणत्या उपकरणाने दिली नाही. डोंगरावर राहणाऱ्या आएता आदिवासींनी ती पाहिली आणि एका मिशनरी भगिनीबरोबर ती फिलिपाइन्सच्या ज्वालामुखी व भूकंपशास्त्र संस्थेपर्यंत पोहोचवली. संस्थेचे प्रमुख रायमुंडो पुनोंगबायन यांनी भूकंपमापक बसवले. आर्मेरोनंतर अमेरिकेने अशाच प्रसंगांसाठी एक फिरते पथक १९८६ मध्ये उभे केले होते. क्रिस न्यूहॉल आणि त्यांचे सहकारी त्या पथकातर्फे मदतीला आले.

त्यांच्या उपकरणांतले एक चंद्रपूरच्या मुलांना विशेष आवडावे. त्याचे नाव कॉस्पेक. सल्फर डायऑक्साइड वायू सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांचा काही भाग शोषून घेतो. आकाशाकडे तोंड करून हे यंत्र लोटाखालून नेले, की किती प्रकाश गिळला गेला यावरून लोटात किती वायू आहे हे कळते. वाऱ्याचा वेग त्यात धरला की दिवसाला किती टन वायू बाहेर पडतो याचा हिशेब निघतो. हे यंत्र मुळात ज्वालामुखीसाठी बनवलेलेच नव्हते. ते कारखान्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या चिमण्यांतून निघणारा धूर मोजण्यासाठी होते. ऊर्जानगरच्या चिमण्यांकडे पाहत शाळेत जाणाऱ्या मुलाला वेगळी प्रस्तावना लागणार नाही. डोंगर ही एक चिमणी समजा आणि भट्टी किती जवळ आली आहे ते धुरावरून ओळखा.

१३ मे रोजी पिनातुबोतून दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड निघत होता. २८ मे रोजी तो ५,००० टनांच्या वर गेला. शिलारस वर येत आहे, याबद्दल आता शंका राहिली नाही. आणि मग ५ जूनला आकडा एकदम उतरला: २८० टन. धोका टळला म्हणायचे का? पथकाने उलटा अर्थ घेतला. वायूची वाट बुजली असावी आणि आत दाब वाढत असावा. असे म्हणायला त्यांच्याजवळ दुसरा पुरावा होता. भूकंपांची केंद्रे आधी शिखराच्या वायव्येला काही किलोमीटरवर होती, ती जूनच्या सुरुवातीला थेट शिखराखाली सरकली होती. एक उपकरण 'शांत' म्हणत होते आणि दुसरे 'जवळ आले' म्हणत होते. दोन्ही एकत्र वाचल्यावरच अर्थ लागला. हॅरीच्या अंतर्ज्ञानाहून हे नाट्य कितीतरी मोठे आहे, पण पडद्यावर ते दाखवायचे तर प्रेक्षकाला आलेख वाचायला बसवावे लागेल. निर्मात्यांना ते परवडले नसते. वर्गाला परवडते.

भाकीत आणि अंदाज हे दोन शब्द आपण सैलपणे वापरतो. भाकीत म्हटले की अमुक दिवशी अमुक होणार, असा ठाम सूर येतो. पिनातुबोच्या पथकाने तसे काही सांगितले नाही. १३ मे पासून त्यांनी धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवून दिल्या. तिसरी म्हणजे लक्षणे अशीच वाढत राहिली तर दोन आठवड्यांत उद्रेक शक्य, चौथी म्हणजे चोवीस तासांत शक्य, पाचवी म्हणजे उद्रेक सुरू. ५ जूनला तिसरी पायरी जाहीर झाली, ७ जूनला चौथी, ९ जूनला पाचवी. १० जूनला क्लार्क या अमेरिकी हवाई तळावरून सुमारे १४,५०० माणसे हलवली. मोठे स्फोट १२ तारखेला सुरू झाले आणि महास्फोट १५ तारखेला झाला. भामरागडच्या मुलांना पायऱ्यांची ही पद्धत नवी वाटू नये. पर्लकोटा नदी पुलाला लागली की बाजारपेठेतला माल हलवायचा, पुलावरून पाणी गेले की रस्ता बंद, हे ते दर पावसाळ्यात पाहतात. नेमक्या किती वाजता पाणी चढेल हे कोणी सांगत नाही; पण कोणत्या खुणेला काय करायचे ते आधी ठरलेले असते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसला आमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झाले आणि आसपासच्या कुटुंबांना हलवावे लागले. तेव्हाही पेच असाच होता. जमीन पुन्हा खचेल की नाही ते नक्की माहीत नाही, आणि माणसांना घर सोडायला सांगायचे आहे. चित्रपटातील सभेत अर्धवट राहिलेली चर्चा ती हीच.

सांगून लोक ऐकतात का, हा आणखी वेगळा भाग. पिनातुबोच्या परिसरातील अधिकाऱ्यांना आणि रहिवाशांना पटवण्यासाठी पथकाने चक्क एक चित्रफीत वापरली. मॉरिस आणि कातिया क्राफ्त या फ्रेंच दाम्पत्याने ज्वालामुखीच्या धोक्यांवर केलेली ही फीत. तप्त राखेचे लोट कसे धावतात, चिखल कसा येतो, त्यानंतर काय उरते, हे त्यात सरळ दाखवले होते. नायक नाही, प्रेमकथा नाही. ३ जून १९९१ रोजी जपानमधील उन्झेन ज्वालामुखीचे चित्रीकरण करताना अशाच एका लोटात क्राफ्त दाम्पत्यासह ४३ जण मरण पावले. बारा दिवसांनी पिनातुबो फुटला तेव्हा त्यांची फीत पाहिलेली माणसे डोंगरापासून दूर गेलेली होती. या इशाऱ्यामुळे निदान ५,००० जीव वाचले असा अंदाज आहे. 'दांतेज पीक'ने आजवर किती तिकिटे विकली ते आम्ही मोजत नाही. चित्रपट म्हणून श्रेष्ठ कोणता ते मात्र आम्ही ठरवून टाकले आहे.

तरीही पिनातुबोची गोष्ट निर्भेळ विजयाची म्हणून सांगू नये. महास्फोटाच्या दिवशीच वादळ आले, पावसाने राख भिजून जड झाली आणि छपरे कोसळून सुमारे ३०० माणसे गेली. त्याहून अधिक माणसे पुढे छावण्यांत रोगांनी मेली. गोवरामुळे आएतांची मुले मोठ्या संख्येने दगावली. ज्यांनी पहिली खबर आणली त्यांनाच सर्वांत जास्त झळ लागली. गडचिरोलीच्या शाळेत हा भाग गाळून चालणार नाही. इशारा वेळेवर मिळाला, माणसे वेळेवर निघाली, आणि तरी डोंगर सोडून छावणीत आलेल्या आदिवासी मुलांना लस आणि ओळखीचे अन्न कोण देणार, हा हिशेब कोणत्याच उपकरणात नव्हता.

शास्त्राच्या मर्यादाही सांगाव्यात. २७ सप्टेंबर २०१४ रोजी जपानमधील ओन्ताके डोंगरावर ६३ गिर्यारोहक बळी पडले, तेव्हा धोक्याची पायरी सर्वांत खालची होती. शिलारस वर न येता नुसते पाणी तापून वाफेचा स्फोट झाला तर लक्षणे फारच थोडी मिळतात. उलट आइसलँडमध्ये ग्रिन्दाविक हे गाव १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री रिकामे केले, ते उपग्रहाधारित मोजणीत जमिनीखाली शिलारस पसरताना दिसला म्हणून. उद्रेक झाला १८ डिसेंबरला. मधल्या पाच आठवड्यांत 'काही झाले नाही, उगाच हलवले' असे कोणाला वाटले असेल तर नवल नाही.

चित्रपट दाखवायचाच असेल तर आमची सूचना अशी. सुरुवातीपासून शाळेतल्या सभेपर्यंत दाखवा आणि डोंगर फुटण्याच्या आत बंद करा. मुले कुरकुरतील. मग फळ्यावर तीन ओळी लिहा: १३ मे, ५०० टन, २८ मे, ५,००० टन, ५ जून, २८० टन. शेजारी भूकंपांच्या केंद्रांचे जुने आणि नवे ठिकाण दाखवणारी साधी आकृती काढा. अर्धा वर्ग पॉल, अर्धा वर्ग हॅरी. आज ५ जून आहे, तळावरच्या साडेचौदा हजार लोकांना काय सांगायचे ते प्रत्येकाने चार ओळींत, कारणासह लिहून द्यायचे. 'मला वाटते' हे शब्द वापरायचे नाहीत. सगळ्या वह्या गोळा झाल्यावरच पुढची ओळ लिहावी: ७ जून, विवरात लाव्हाचा घुमट दिसला.